बीगलचं वकीलपत्र

बाणेर-कोथरूडकडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सातला खाली उतरलं, की हे गृहस्थ भेटतातच. पायात भारीतले बूट, कमरेला बिस्किटांचा बटवा, हातात ताणलेला पट्टा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लोंबत्या कानांचा बीगल, नाक जमिनीला चिकटवून. त्याला जिथे जायचं असतं, तिथे गृहस्थही जातात. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'ब्रूनोचे बाबा' म्हणतात. खरं आडनाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय.

ब्रूनोला अजून धड बसता येत नाही, पण बाबांचा अभ्यास दांडगा आहे. ब्रूनोचा एकही गुन्हा ते नाकारत नाहीत, त्यामागचा इतिहास सांगतात. लिफ्टमध्ये कुणाची भाजीची पिशवी हुंगली? इंग्लंडात ही जात सशाच्या शिकारीसाठी घडवली गेली. कुत्र्यांनी माग काढत पुढे पळायचं आणि माणसांनी धापा टाकत मागून जायचं. "पिढ्यान् पिढ्या माणूस ज्याच्या मागे धावला, तो तुमच्या हाकेला का वळेल?" दुपारी दोनला गळा काढून रडला? मागच्या शिकाऱ्याला पत्ता कळावा म्हणून हा आवाज. शेपटीचं पांढरं टोकसुद्धा उंच गवतात दिसावं म्हणूनच. दुपारची झोप मोडलेल्या जोशीकाकूंना मात्र शेपटीत रस नसतो.

काकूंच्या मुलाने एकदा बाबांना कोंडीत पकडायला पाहिलं. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने 1994 साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं, त्यात बीगल अगदी शेवटच्या गटात आहे. या गटाला नवी आज्ञा शिकवायला ऐंशीहून जास्त वेळा घोकून घ्यावं लागतं, आणि पहिल्या हाकेला ते चारातून एकदा ऐकले तरी पुष्कळ. बाबा हसले. "ती यादी आज्ञाधारकपणाची आहे. आज्ञा पाळणं म्हणजे बुद्धी असती, तर आमच्या ऑफिसात निम्मे लोक शास्त्रज्ञ निघाले असते."

मग त्यांनी हुकमी साक्षीदार काढला. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल नेमले. जाकीट घातलेले हे कर्मचारी सामानातली फळं आणि मांस हुंगून काढतात. मुलाकडे निघालेल्या आईने साडीच्या घडीत लपवलेला हापूससुद्धा यांच्या नाकातून सुटणं कठीण. माल सापडला की बीगल भुंकत नाही, बॅगेपाशी शांत बसतो.

"तिथे बसतो, मग इथे का नाही?" प्रश्न रास्त होता. उत्तरही रास्त होतं: तिथे नीट बसल्याबद्दल लगेच खाऊ मिळतो, आणि शिकवणाऱ्यांचं आपसात एकमत असतं.

ब्रूनोच्या घरी गुरुजन चार. बाबा 'सिट' म्हणतात, आई 'खाली बस', मुलगी नुसतंच बोट दाखवते. आजी "बैस रे सोन्या" म्हणतात आणि तो बसायच्या आधीच पोळीचा तुकडा टाकतात. जेवताना भीक घालायची नाही, असा घरात ठराव आहे. आजी नऊ वेळा तो पाळतात आणि दहाव्यांदा विरघळतात. प्राण्यांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, की बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर सवय जास्त चिवट होते. आजींना हे कुणी शिकवलेलं नाही, पण प्रयोग निर्दोष चालू आहे. ब्रूनो आता कुकरची शिट्टी होताच टेबलापाशी हजर असतो. घरातली दुसरी कुठलीच गोष्ट त्याला इतकी पक्की जमलेली नाही.

सत्यनारायणाच्या दिवशी त्याने प्रसादाचं पातेलं ओट्यावरून ओढलं. शिऱ्यात बेदाणे होते आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. कथा अर्धी सोडून बाबा डॉक्टरांकडे धावले, तिथे उलटी करवली. संध्याकाळी सोसायटीत वृत्तान्त आला तो असा: "दोन खोल्यांपलीकडून वास घेतला त्याने. झाकण होतं हो!"

सोसायटीच्या सभेत तक्रारी झाल्या, की बाबा प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचनांची प्रत काढतात: पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांमध्ये शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असंही आहे. ते पान घडीच्या आत असतं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने विचारलं, "आम्हीही बीगल घ्यावा म्हणतोय. हाक मारली की येतो का हो?"

"येतो की," बाबा पट्ट्यामागे फरपटत जाता जाता म्हणाले, "त्याला दुसरं काही काम नसलं, तर लगेच येतो."