कोथरूडचा ट्रॅकवीर

पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीत स्पीडब्रेकरपाशी पाच-सहा हॉर्न एकदम वाजू लागले की समजावं, पुढे ट्रॅकवीर आहे. गाडी चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय. २०२२ साली कंपनीनं पोलो बंद केली, तेव्हा ह्यानं घरात सुतक पाळलं होतं.

मूळची १०५ अश्वशक्ती त्याला पुरेना. मग रीमॅप आला, कॉइलओव्हर आले, गाडी "दोनच बोटं" खाली बसली. सगळं ट्रॅकसाठी. ट्रॅक चेन्नईजवळ, इरुंगट्टुकोट्टईला, ३.७ किलोमीटरचा. पुण्याहून बाराशे किलोमीटर लांब, त्यामुळे हा अजून गेलेला नाही. पण तिथं कुठल्या वळणाला ब्रेक कधी दाबायचा, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो.

ब्रेकचं तर विचारू नका. रेसिंगचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रस्त्यावर माणसं तापतात, पॅड नाही. सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला ते असे किंचाळतात की रिक्षावालासुद्धा वाट देतो. पुण्यात ह्याहून मोठं यश कुठल्याही मॉडिफिकेशनला मिळालेलं नाही.

वजन कमी करायचं म्हणून त्यानं स्टेपनी काढली. रिकाम्या जागेत आईनं दळणाचा डबा ठेवला.

"अगं, दहा किलोनं लॅप टाइम जातो!"

"गिरणी सातला बंद होते. नीघ."

आता तो स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या सोसायट्यांनी उंची तेवढी मनावर घेतली, रुंदीला सिमेंट पुरलं नाही. मग ट्रॅकवीर वडिलांना उतरवतो, आजीला उतरवतो, गाडी तिरकी करतो आणि एकेक चाक असं चढवतो, की ट्रॅकवर कुणी एवढ्या एकाग्रतेनं वळण घेत नसेल. तोवर आजी देवदर्शन करून परत आलेली असते.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ रचनेत बदल नकोत असं बजावलं. तेव्हापासून मूळ स्प्रिंगा माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, जपून ठेवल्यात. गाडी विकायची वेळ आली की त्या खाली उतरतील आणि जाहिरात लागेल : 'एकहाती, फॅमिली यूज, कुठलाही बदल नाही, ट्रॅकवर कधीही नेलेली नाही.'

शेवटचं तेवढं खरं असेल.