धाकटीसुद्धा निघाली म्हणे जांबोरीला!

अहो, जरा भिंतीजवळ या ना, मोठ्याने बोलण्यासारखं नाही. ऐकलंत का? दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींची लंडनची नात स्काउटच्या जांबोरीला, म्हणजे त्यांच्या जागतिक मेळाव्याला, नाव देतेय. 2027 ला, पोलंडला. भावाचं एवढं सगळं झाल्यावर!

तुम्हाला आठवतंय ना कोरियाचं? 2023 चा ऑगस्ट. मावशी बाभई नाक्यावर भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या, "नातू जागतिक जांबोरीला चाललाय." माणशी साडेतीन हजार पौंड हो! पोराने केक विकून, गाड्या धुऊन जमवलेले. खरी कमाई म्हणतात ना आपल्याकडे स्काउटमध्ये, तीच. आमच्या भावाने आठ आण्यांचं बूटपॉलिश केलं होतं, त्याचं कौतुक आईला वर्षभर पुरलं...

तर काय सांगत होते, हां, जागा. सेमानगम. समुद्र अडवून केलेली जमीन, तेहतीस किलोमीटरच्या वर लांब बांध घालून. आपल्याला कुणी भराव शिकवावा? मालाडचं माइंडस्पेस कशावर उभं आहे ते पाहिलंय आपण. पाण्याचा निचरा नाही, सावलीला झाड नाही, पस्तीस अंशाचं ऊन आणि त्यात 43 हजार पोरं! उद्घाटनालाच शंभरावर पोरांना ऊन बाधलं. किडे चावून पाय सुजलेले, नाश्त्याच्या अंड्यांना बुरशी, आणि संडास तर... अहो, त्यांचे पंतप्रधान हान डक-सू आले आणि त्यांनी स्वतः संडास साफ केला! आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, "फोटोपुरता की खरंच?"

बरं, यजमानपद 2017 लाच मिळालेलं, तेही पोलंडला हरवून बरं का. सहा वर्षं हातात. तेवढ्यात तिकडचे अधिकारी अभ्यासदौऱ्यावर स्वित्झर्लंड-इटली फिरून आले. ते मात्र वेळेवर झालं!

तर नातू. ब्रिटनची तुकडी सगळ्यात मोठी, साडेचार हजारांची. 5 तारखेपासून तिला कॅम्पातून काढून सोलला न्यायला लागले. मावशींनी लग्गेच ग्रुपवर टाकलं, "नातू सुखरूप. हॉटेल आहे, एसी आहे." संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्याकडे, व्हिडिओ कॉल लावला, आणि पोरगा कुठे? वकिलातीच्या हॉलमध्ये, जमिनीवर, स्लीपिंग बॅगेत! एवढ्या पोरांना एका रात्रीत खोल्या कुठून मिळणार हो... ए विंगवालीने हळूच विचारलं, "हेच का हॉटेल?" मावशींचा चेहरा असा उतरला, मी ओढणीच लावली तोंडाला.

पण पुढचं ऐका. पोरगा रडवेला, पण जमिनीवर झोपावं लागलं म्हणून नाही. म्हणतो, "आजी, मला तिथेच राहायचं होतं." शेजारच्या तंबूतल्या मुलाशी बॅजची अदलाबदल ठरलेली, त्याला साधं बायसुद्धा म्हणता आलं नाही. मावशी गप्प. कारण आदल्या दिवशी लेकीला फोनवर फोन करून "काढा गं त्याला तिथून" म्हणणाऱ्या ह्याच! मी काही मुद्दाम ऐकत नाही, आपल्या भिंतीच तशा आहेत.

आणि मागे राहिलेली तरी कुठे राहिली? 8 तारखेला खानून वादळाच्या भीतीने अख्खा कॅम्पच उठवला. हजारावर बसगाड्या! कॅम्पातला शेवटचा दिवस असा, शेकोटी नाही की निरोप नाही, तंबू गुंडाळा आणि रांगेत उभे राहा. समारोप 11 तारखेला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये, के-पॉपच्या जलशाने. आमची मुलगी ओरडली, "न्यूजीन्स होत्या, आई!" मला वाटलं, कपड्यांचा सेल.

तर धाकटी. तिच्या आईने म्हणे "या वेळी सगळी चौकशी केलीय." भावाने तर आपला उरलेल्या बॅजांचा डबा तिच्या हवाली केलाय, त्यालाच जास्त घाई. मी सहज विचारलं, "मावशी, या वेळी जागा कुठली हो?" म्हणाल्या, "ग्दान्स्क. छान शहर आहे, जुनं." घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. शहर आहेच हो, पण कॅम्प सोबिएशेवोला. बेट आहे ते! बाल्टिक समुद्राच्या काठी.

मावशींना अजून सांगितलं नाही मी. रविवारी भिशी आहे ना, तुम्ही येताय ना नक्की?