सोडू नका, लई मोठी हाय!

हिमालयात जाण्याइतकी रजा मला मिळत नाही, म्हणून आत्मशोधासाठी मी नळदुर्ग निवडलं. सोबत फ्लाय फिशिंगचा रॉड. नोकरीला कंटाळलेल्या पोरांनी नदीत उभं राहून दोरी हवेत फिरवली की त्यांना आपण कोण ते कळतं, असं व्हिडिओत दाखवतात. त्या नद्यांत ट्राउट असतो. थंड पाण्यातला मासा, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलातला. मराठवाड्याच्या तलावांत सोडतात ते रोहू, कटला, मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक अन्न गाळून खातो, मृगळ तळाशी चरतो. पिसांच्या खोट्या माशीकडे दोघंही सहसा ढुंकून बघत नाहीत. हे व्हिडिओत सांगत नाहीत.

किल्ल्यातला पाणीमहाल 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल! तो घाईघाईत पाहून किल्ल्याबाहेर नदीकाठी आलो.

फ्लाय फिशिंगमध्ये गळ पिसासारखा हलका. वजन असतं दोरीला. म्हणून दोरी आधी मागे भिरकावायची, ती पुरती सरळ झाली की पुढे. व्हिडिओवाल्यांच्या मागे मोकळी हवा असते. माझ्या मागे म्हैस होती.

गळ शेपटीच्या गोंड्यात अडकला. म्हैस दचकली नाही, नुसती निघाली. माझा महागडा रील पहिल्यांदाच किर्रर्र वाजला. मासा लागला की रॉड उंच धरायचा असतो, मी धरला. म्हैस बाभळीखालून, चिखलातून थेट पाण्यात शिरली. गांडूळ लावून बसलेली पोरं आपापल्या काठ्या टाकून माझ्यामागे. ‘‘सोडू नका, लई मोठी हाय!’’

तेवढ्यात म्हशीची मालकीण आली, सत्तरीची म्हातारी.

‘‘काय करायलाव ओ?’’

‘‘मासे धरतोय, आजी.’’

तिनं म्हशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांत शहाणं कोण ते ठरवून ती म्हशीशीच बोलू लागली. तिला काठावर बोलावून गोंड्यातला गुंता सोडवता सोडवता मधेच मला म्हणाली, ‘‘घरी सांगून आलाव का?’’

नव्हतो आलो. नोकरी नकोशी झालीय हेही सांगितलं नव्हतं. आईचा फोन आला की ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून द्यायचो. घसा दाटून आला, आणि नेमकं तेव्हाच म्हशीनं चिखलाचं शेपूट तोंडावर हाणलं.

पोरांनी तोवर चिलापी काढल्याही होत्या.

पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरचे नर-मादी धबधबे बोरीला भरपूर पाणी असेल तेव्हाच कोसळतात. तेव्हा पावसाळ्यात, चौकशी करून जा. मासे हवे असतील तर रॉड घरी ठेवा आणि गांडुळं न्या.