मामा, इथला ब्लॅकवाला दिसत नाही

हॅरो, लंडन
१४ डिसेंबर २०२५

ती. मामांस आणि सौ. मामींस,


तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक आवाजी निरोप मिळाला. त्यात गुडघ्याची चौकशी अर्ध्या वाक्यात उरकून उरलेला सगळा वेळ तुम्ही तिकिटांना दिलात. एवढ्या मोठ्या निरोपाला नुसता अंगठा पाठवणं बरं दिसेना, म्हणून सविस्तर लिहिते.

जुलैत तुम्ही येताय. १२ तारखेला विम्बल्डनची फायनल आणि १९ ला लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड वनडे, हे तुम्ही तिथे बसून पाठ केलंत. मला मात्र ते तुमच्याकडून कळलं. शेवटी आवाज खाली आणून तुम्ही विचारलंत, "तिथे ब्लॅकची काय सोय आहे गं?" मामा, स्पीकर चालू होता. ते सगळ्या घराने ऐकलं. चिरंजीवांना प्लाझा टॉकीजबाहेरचा तुमचा पराक्रम नव्याने सांगावा लागला: बाल्कनीची दोन तिकिटं, अर्धा तास घासाघीस, तेवढ्यात हवालदार आला म्हणून ब्लॅकवाला आणि तुम्ही दोघेही पळालात, आणि मामी पोस्टरखाली एकट्याच उभ्या राहिल्या. चिरंजीवांचा पहिला प्रश्न होता, "पळायचं कशाला? ते अ‍ॅपवर का नाही विकलं?"

इथला ब्लॅकवाला उन्हात उभाच राहत नाही. (इथे ऊनही उभं राहत नाही, तो भाग वेगळा.) तो घरी संगणकासमोर बसतो. सकाळी नऊला ऑनलाइन विक्री उघडते, आपण रांगेतल्या आपल्या नंबरकडे टक लावून बसतो, आणि त्याचं सॉफ्टवेअर शंभर नावांनी शंभर रांगांत आधीच उभं असतं. सगळं संपलं अशी पाटी आपल्याला दिसते ना दिसते, तोच त्याच खुर्च्या दुसऱ्या एका सुंदरशा वेबसाइटवर चौपट भावाने हजर. खाली ग्राहकसेवेचा नंबर, वर "आपला आनंद हीच आमची जबाबदारी". असली सॉफ्टवेअरं वापरून मर्यादेबाहेर तिकिटं उचलायला २०१८ पासून बंदी आहे. २०२० मध्ये लीड्सच्या कोर्टाने अशा दोघा व्यापाऱ्यांना फसवणुकीबद्दल तुरुंगातही धाडलं, एकाला चार वर्षं आणि दुसऱ्याला अडीच. बनावट नावं, इकडचेतिकडचे पत्ते, दुसऱ्यांची कार्डं, असा कोट्यवधींचा कारभार होता त्यांचा. पण प्लाझाच्या हवालदाराला निदान धावता तरी येत होतं. इथे धावायचं कुठे?

आता खरी गंमत ऐका. आमच्या घरापासून वेम्बली स्टेडियम जवळच. त्यातली एक खुर्ची घ्या. शनिवारी तिथे फुटबॉलची मॅच आहे, तुम्हाला ताप आला, म्हणून तुम्ही तिकीट शेजाऱ्याला विकलंत, तेही छापील किमतीला, एक पेनी नफा न घेता. गुन्हा! १९९४ च्या फौजदारी कायद्याचं कलम १६६. आयोजकांची परवानगी नसेल तर किंमत किती हा प्रश्नच येत नाही. कारण दोन्ही संघांचे पाठीराखे वेगवेगळ्या भागांत बसवतात, आणि भलत्या रंगाचा मफलर भलत्या स्टँडमध्ये गेला तर काय होतं हे या देशाने पाहिलंय. म्हणजे तो कायदा खिशासाठी केलेला नाही, डोक्यांसाठी केलेला आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच गवतावर गाण्याचा कार्यक्रम आहे. तीच खुर्ची. आता ते तिकीट दहापट भावाने विका, सरकार ढुंकून बघणार नाही. अट एवढीच की २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे रांग, खुर्ची आणि मूळ किंमत सांगायची. म्हणजे तुमच्या ब्लॅकवाल्याने "पाच का पचास" असं पूर्ण ओरडायचं, पहिलं अर्धं गिळायचं नाही. आमचे हे म्हणाले, "खुर्चीवर बसणाऱ्याचा दोष नाही, समोर कोण नाचतंय त्याच्यावर कायदा अवलंबून." त्यांनी हे जेवताना तीनदा सांगितलं, म्हणून तुम्हालाही कळवते.

पण आता बदलणार म्हणतात. १९ नोव्हेंबरला सरकारने जाहीर केलं की मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट पुन्हा विकायला बंदी आणणार. मूळ किंमत आणि अपरिहार्य शुल्क, बस्स. विकणाऱ्या वेबसाइटने वर किती सेवाशुल्क उकळायचं त्यालाही मर्यादा. आणि एका माणसाला मुळात जितकी तिकिटं घेता येत होती, त्याहून जास्त त्याला विकता येणार नाहीत. नियम मोडणाऱ्या कंपनीला जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. कायदा संसदेत यायचाय अजून, आणि इथली संसद तुमच्या गुडघ्याच्या वेगाने चालते. सरकारच्या हिशोबाने रसिकांचे वर्षाला ११.२ कोटी पौंड वाचतील, तिकिटामागे सरासरी ३७ पौंड. आमच्या ह्यांनी लगेच रुपये करून "चार हजार वाचले" अशी घोषणा केली. आम्ही कुठेच जाणार नव्हतो, तरी वाचले.

डब्लिनच्या आमच्या दिरांनी यावर फोन करून हसून घेतलं. आयर्लंडमध्ये असा कायदा २०२१ पासूनच आहे. या बाबतीत ते इंग्लंडच्या पुढे आहेत हे त्यांनी, तिथे जन्मल्यासारखं, फार अभिमानाने सांगितलं.

सरकारची घोषणा व्हायच्या आधी बऱ्याच गायकांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की बाबांनो, हे थांबवा. त्यांत तुमचे कोल्डप्लेवालेही होते. तुमचे म्हणजे, जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले होते ते. अडीच हजारापासूनची तिकिटं लाखांच्या भावाने फिरत होती, पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा चौकशीला लागली होती, तेव्हा तुम्हीच मला बातम्यांची कात्रणं पाठवली होतीत. पुढे प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, आणि कोर्टाने याचिका फेटाळताना म्हटलं की असा कायदा करणं हे विधिमंडळाचं काम. रेल्वेचं तिकीट परवान्याशिवाय विकायचा धंदा केला तर आपल्याकडे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कोकणकन्येला जे संरक्षण आहे ते कोल्डप्लेला नाही. मला विचाराल तर हा अग्रक्रम बरोबर आहे. गणपतीला गावी जाण्याची निकड गाण्याला नसते.

तरी मामा, माझं एक म्हणणं आहे आणि ते घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. छापील किमतीच्या वर विकू नका हे ठीक. पण छापील किंमत छापतो कोण? ओअ‍ॅसिस नावाच्या बँडातले दोन भांडकुदळ भाऊ आहेत. पंधरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघता अचानक एकत्र आले. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर त्यांची तिकिटं निघाली. नुसतं उभं राहायचं तिकीट दीडशे पौंडांच्या आसपास म्हणून लोक ऑनलाइन रांगेत उभे राहिले, आणि तासन्‌तास थांबून पुढे पोचले तर तेच उभं राहणं ३५५ पौंडांना. रुपयांत चाळीस हजारांच्या वर, आणि बसायला खुर्चीसुद्धा नाही! हे ब्लॅकवाल्याने केलं नव्हतं. ही खुद्द खिडकीच होती. शिवाजी मंदिरात नाटकाचा प्लॅन उघडल्यावर बुकिंगवाल्याने रांगेची लांबी बघून पहिल्या रांगेचा दर दुप्पट केला असता, तर दादरकरांनी त्याचं काय केलं असतं? येऊ घातलेल्या कायद्यात ब्लॅकवाल्याचा हात बांधलाय, खिडकीवाल्याचा मोकळाच आहे. मला तर वाटतं, ब्लॅकवाल्याचा नफा बघून खिडकीवाल्याच्याच तोंडाला पाणी सुटलं.

आता विम्बल्डन. तिथे तर जातिव्यवस्थाच आहे. सोडतीत लागलेलं तिकीट ज्याच्या नावावर, त्यानेच वापरायचं. दुसऱ्याला विकलंत तर ते रद्द. मात्र "डिबेंचर" नावाचा कागद घेतलात, तर सेंटर कोर्टावर पाच वर्षं रोजची खुर्ची तुमची, आणि त्या खुर्चीची तिकिटं तुम्ही राजरोस, हव्या त्या भावाने विकू शकता. २०२६ ते २०३० साठी एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड, म्हणजे सव्वा कोटीच्या वर. अशा खुर्च्या अडीच हजार. थोडक्यात, सव्वा कोटी मोजलेत तर तुम्ही गुंतवणूकदार, पन्नास रुपये मोजलेत तर ब्लॅकवाले.

पण याच क्लबात एक गोष्ट अशी आहे की मी त्यांना सगळं माफ करते. दुपारी लोक कंटाळून किंवा ट्रेन पकडायला निघाले की आपली सेंटर कोर्टाची जागा परत करतात. ती जागा मैदानातल्याच खिडकीवर दहा-पंधरा पौंडांत पुन्हा विकली जाते आणि तो पैसा दानधर्माला जातो. एकच खुर्ची दोनदा विकली, आणि कोणीच कोणाला लुबाडलं नाही! त्यासाठी आधी मैदानात शिरायचं साधं तिकीट हवं, आणि त्यासाठी रांग. ही रांग म्हणजे इथला राष्ट्रीय सण. नंबराचं कार्ड मिळतं, रात्रभर बागेत तंबू ठोकतात, आणि दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवायला सक्त मनाई. रुमाल टाकून जागा धरायची तुमची विद्या इथे चालणार नाही, आधीच सांगते.

आमच्या मराठी मंडळींत मात्र कायद्याची गरजच पडत नाही. मुंबईहून नाटक आलं आणि कोणाला ऐन वेळी जमेनासं झालं, की ग्रुपवर "दोन तिकिटं आहेत, छापील किमतीत" असा मेसेज पडतो. एकदा एका गृहस्थांनी त्यावर पाच पौंड "पेट्रोलचे" लावले. त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही ते गणपतीत प्रसाद वाटायला उभे राहिले की मागून कोणीतरी विचारतं, "याचे पेट्रोलचे किती?" उलाढालीच्या दहा टक्क्यांचा दंड याच्यापुढे काहीच नाही.

तर लॉर्ड्सचं असं. क्रिकेटला फुटबॉलसारखा कायदा नाही, पण चढ्या भावाने घेतलेलं तिकीट मैदानवाले रद्द करू शकतात, आणि मग तुम्ही दारात उभे राहून भिंतीपलीकडच्या टाळ्या ऐकाल. सोडतीत ह्यांच्या नावावर दोन तिकिटं लागली आहेत. तुमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूतल्या सगळ्यांना "भाची बघते" असं कबूल करू नका. भाचीकडे दोनच आहेत, आणि त्यांतल्या एकावर जावयाचा डोळा आहे. तुम्ही आणि हे गेलात, तर मी आणि मामी ऑक्सफर्ड स्ट्रीटला जाऊ. तिथे ब्लॅक नाही, सरळ लूटच आहे, पण पिशवी मिळते.

मामींना नमस्कार. गुडघ्याचं मनावर घ्या, खेळाडूंसारखं टेप लावून मिरवू नका.

तुमची,
हॅरोची भाची

ता. क. विम्बल्डनच्या रांगेत दोन माणसांपुरताच तंबू चालतो, तेव्हा तुम्ही आणि मामी. ह्यांनी उदार मनाने घरी झोपायचं ठरवलंय. जुलैतही पहाटे गारठा असतो, माकडटोपी आणा. कुठल्याही रंगाची चालेल, पांढऱ्याची सक्ती फक्त खेळाडूंना आहे.