तिसरा रकाना

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या काकांनी गच्चीवर खोली काढली, त्याला तीन उन्हाळे झाले. खोलीत पलंग आहे, पंखा आहे. भिंतीला एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक आहे, खिडकीबाहेर कूलरसाठी ठोकलेला लोखंडी स्टँड आहे. भोकात चिमणीनं घरटं केलंय, स्टँडवर काकू पापड वाळवतात. खोली थंड कशानं करायची, ते अजून ठरायचंय.

अभ्यासाला मात्र काकांकडे तोटा नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी नुसतं "उकडतंय बुवा" म्हणालं, की खिशातून चार घड्यांचा कागद निघतो. दोन रकाने, मध्ये पट्टीनं ओढलेली रेघ.

"कूलर जेमतेम २०० वॅट खातो, दीड टनाचा एसी दीड हजार. पण कूलरला हवा कोरडी लागते. नवतप्यात पारा ४४ वर गेला की कूलरसारखा राजा नाही. पाऊस सुरू झाला, की तोच कूलर चादर अंगाला चिकटवतो."

"मग एसीच घ्या ना."

"टन म्हणजे काय, ठाऊक आहे? एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसायची!" ऐकणाऱ्याचा रुमाल एव्हाना पिळण्याजोगा झालेला असतो.

मध्यंतरी एसी जिंकत आला होता. ४०० युनिटपर्यंत अर्धं वीजबिल होतं ना, तेव्हा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं ती मर्यादा १०० वर आणली आणि काकांचा चेहरा खुलला. सगळं गणित पहिल्यापासून मांडायचं होतं.

गेल्या मे महिन्यात जर्मनीहून पुतण्याचा फोन आला. "काका, घर मागच्या बाजूला वाढवून राहिलोय. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकू, की भिंतीला रेडिएटर लावू?"

काकांनी आयुष्यात हिटर लावलेला नाही. पण दोन रात्री जागून त्यांनी नवा कागद तयार केला, आणि खरं सांगतो, चोख केला. फरशी सावकाश तापते, पण ऊब खोलीभर सारखी पसरते. रेडिएटर चटकन तापतो, पण भिंत अडवतो. फरशीखालची नळी फुटली, तर फरशी उखडा. "आणि रेडिएटरला पाणी चांगलं ६०-७० अंशांचं लागतं. फरशीला ३५-४० पुरे."

"तेवढं तर आपल्या टाकीतून फुकट येऊन राहिलंय," काकू आतून म्हणाल्या. त्या नळाखाली भांडी विसळत होत्या.

पुतण्यानं आठवड्यात फरशी ठरवली. दिवाळीत उबदार फरशीवरच्या अनवाणी पायांचा फोटोही पाठवला. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला. मग खिशातला जुना कागद काढला, पट्टी मागवली आणि कूलर-एसीच्या शेजारी दुसरी रेघ ओढली. वर लिहिलं : फरशीखालून गार पाणी?

काकू पापड उलटायला गच्चीवर गेल्या.