व्यस्त चलन

धावणाऱ्यांच्या जगात आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. इथे ताशी किती किलोमीटर, असं कोणी विचारत नाही. एक किलोमीटर पळायला किती मिनिटं लागतात ते विचारतात आणि त्याला पेस म्हणतात. कोणी 'माझा पेस साडेसहा' म्हटलं आणि मी 'माझा साडेनऊ' म्हटलं, तर धावण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्याला मीच भारी वाटते. सुरुवातीला मी माझा पेस फक्त अशाच लोकांना सांगत असे. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचं चांगलं कौतुक झालं.

मी शाळेत गणित शिकवते. वेळ, अंतर, वेग यांत माझी हयात गेली. किती आगगाड्या मी समोरासमोरून सोडल्या आणि किती बोटी प्रवाहाविरुद्ध घातल्या, त्याला गणती नाही. पण त्यातलं काही स्वतःला ओढावं लागलं नव्हतं. मग एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून 'आता जरा हालचाल करा' असं सुचवलं. (तोही आकडा लहानच असावा लागतो. म्हणजे मनाची तयारी तिथूनच सुरू झाली म्हणायची.)

ठाण्याला उपवन तलावापाशी भल्या सकाळी धावणाऱ्यांचा एक गट जमतो. त्यात मी नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी कळलं की तिथला कोच माझा माजी विद्यार्थी आहे. दहावीला हा मुलगा गणितात काठावर पास झाला होता, तोही माझ्या मते परीक्षकांच्या थोर मनामुळे. त्याने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि उठता उठता म्हणाला, "बाई, तुम्हाला गृहपाठ देऊ ना?" इतक्या वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता करण्याची ही हातोटी त्याने तेव्हा पेपरात दाखवली असती, तर निकाल वेगळा लागला असता.

गृहपाठ एकच होता: हळू पळा. मी म्हटलं, "अरे, मी पेस सुधारायला आलेय." तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, बाई. हळू." ज्या पोराला मी तीन वर्षं 'आवर लवकर, घंटा होईल' म्हणून ओरडत होते, तो आता महिन्याची फी घेऊन मला 'हळू' म्हणत होता.

किती हळू, तर पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्दांचे तुकडे पडायला लागले की वेग जास्त झाला. आता पहाटे साडेपाचला, एकटीने, कुणाशी आणि काय बोलणार? मी एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस सत्ते दोनशे तीन हे एका दमात आलं की ठीक. 'एकोणतीस नव्वे'ला थांबून श्वास घ्यावा लागला की पाय आवरते घ्यायचे. तलावाच्या कडेने स्वतःशी पाढे पुटपुटत येणाऱ्या बाईला लोक आपणहून वाट करून देतात, हा अनपेक्षित फायदा.

फक्त त्या वेगाने पळताना चालणारे लोक पुढे जातात. कानटोपी घातलेले एक आजोबा तर दूध आणायला निघालेले असत आणि हातातली पिशवी हलवत मला मागे टाकत. याचं मी गणित मांडलं. माणसाला चालता चालता वेग वाढवायला सांगितला, तर सेकंदाला साधारण दोन मीटरच्या आसपास तो आपोआप पळायला लागतो. त्याच्या खाली चालणंच शरीराला स्वस्त पडतं. माझा साडेनऊचा पेस म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटर. थोडक्यात, निसर्ग जिथे 'बाई, तुम्ही चाला' असं सांगतो, त्या वेगाने मी पळत होते. चालण्याला कमी लेखू नये म्हणा. वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतले जगातले अव्वल पुरुष खेळाडू किलोमीटरला चार मिनिटांच्या आत चालतात. चालतात!

हळू का, हे कोचला नीट समजावता आलं नाही. 'बेस बनतो, बाई,' एवढंच तो म्हणे. पायरी न दाखवता उत्तर लिहायची त्याची जुनी सवय. मग मीच शोधलं. ऑकलंडला आर्थर लिडियार्ड म्हणून एक गृहस्थ होता, बुटांच्या कारखान्यात काम करणारा. त्याचं म्हणणं असं की आधी महिनोन् महिने धाप न लागता भरपूर पळा, वेगाचं नंतर बघू. आठशे मीटरच्या धावपटूलाही तो रविवारी डोंगरातून पस्तीस किलोमीटर पळवायचा. लोक हसले. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेलने आठशे मीटरमध्ये आणि मरे हॅल्बर्गने पाच हजारमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदकं घेतली. लोक हसायचे थांबले.

मला त्याहून आवडली ती बिल बोवरमनची गोष्ट. हा अमेरिकेतल्या ओरेगनचा नावाजलेला कोच, दुसऱ्यांना पळवण्यात हयात घालवलेला (मला लगेच आपला वाटला). 1962 च्या अखेरीस तो न्यूझीलंडला लिडियार्डकडे गेला. लिडियार्डने त्याला हौशी मंडळींबरोबर पळायला नेलं. पन्नाशी ओलांडलेला बोवरमन चढावर मागे पडला, आणि सत्तरी पार केलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक आजोबा त्याला सोबत म्हणून हळू होऊन, गप्पा मारत पळत राहिले. बोवरमन घरी परतला, गावातल्या सामान्य माणसांना हळू पळायला शिकवू लागला आणि 1967 मध्ये त्याने 'जॉगिंग' नावाचं पुस्तक काढलं. हाच माणूस नाइकी कंपनीचा एक संस्थापक. त्या चढावर मागे पडल्याचा वचपा त्याने तुमच्याआमच्या खिशातून काढला.

यातलं शास्त्र मध्यमवयाला जास्त लागू आहे. पळायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात, आणि वय वाढेल तसे आणखी लागतात. पहिल्या बाकावरच्या दोघांना कळलं म्हणून पुढचा धडा घेतला की मागचा बाक काय करतो, ते मला कोणी सांगायला नको. आमच्या गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी तो धडा घेतला. त्यांची टाच सध्या बर्फाच्या पिशवीवर असते आणि ते खुर्चीतून आम्हाला वेगाबद्दल मार्गदर्शन करतात.

हृदयाच्या ठोक्यांचं प्रकरण तर माझ्याच प्रांतातलं. 220 मधून वय वजा करा, म्हणजे ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, असं जो तो सांगतो. मी सिद्धता मागितली. ती नाहीच! 1970 च्या सुमाराला अमेरिकेत उपलब्ध आकडेवारीवरून काढलेला तो ढोबळ अंदाज आहे. 2001 मध्ये जास्त अभ्यास करून दुसरं सूत्र आलं: 208 वजा वयाच्या सात दशांश पट. दोन्ही रेषा मी आलेखावर काढल्या. त्या एकमेकींना कुठे छेदतात? बरोबर चाळीसला. चाळिशीच्या आत जुनं सूत्र उदार, चाळिशीनंतर नवं. माझ्या वयाला जुनं 171 देतं, नवं जवळजवळ 174. तीन ठोके फुकट मिळत असतील तर मी ते का सोडू? आलेख मी कोचला दाखवला. तो म्हणाला, "बाई, हे तुम्ही तेव्हा असं शिकवलं असतंत तर..." आणि पुढचं वाक्य पुरं न करता शिट्टी वाजवून निघून गेला.

हळू पळण्यात दिवस मुरल्यावर आठवड्यातून एकदा वेग मिळाला. विजेचे खांब मोजायचे: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जीव खाऊन पळायचं, पुढचे दोन खांब रमतगमत. ही युक्ती ग्यॉस्टा होल्मेर नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकाने 1930 च्या दशकात काढली. त्याच्याकडे जंगल होतं, माझ्याकडे येऊरच्या पायथ्याचा रस्ता आणि रिक्षा. जीव खाण्याच्या खांबाला एक रिक्षा माझ्या बाजूने हळूहळू चालायला लागली. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "ताई, बस चुकली का? बसा, गाठून देतो." मी हातानेच नको म्हटलं. पुढच्या दोन खांबांना मी रमतगमत पळू लागल्यावर त्याने पुन्हा रिक्षा थांबवली. "दमलात ना? मीटरनेच चला, जास्त नाय घेणार." त्याच्या दृष्टीने हा भावाचा प्रश्न होता.

घरी याचे पडसाद उमटतातच. पायांत ताकद पाहिजे म्हणून मी ओट्याशी उभी राहून टाचा वर-खाली करते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक पाय, वरणफोडणीला दुसरा. नवऱ्याला वाटलं, वरचा डबा हाताला येत नाहीये. बिचारा स्टूल घेऊन आला. पावसाळ्यात ओले बूट कोंबून भरायला जुने पेपर लागतात, म्हणून रद्दीवाल्याला मी आता दारातूनच परत पाठवते. दोघांचे संबंध बिघडले आहेत.

मनगटावरचं घड्याळ हे आणखी एक परीक्षक. दर किलोमीटरला थरथरतं आणि पेस दाखवतं. रात्री झोप नीट लागली नाही, हे सकाळी मलाच सांगतं. 'तुमची तंदुरुस्ती खालावत आहे' असा शेरा त्याने मला एकदा दिला तो मे महिन्यात, ऐन उकाड्यात. ठाण्याच्या मे महिन्यात कोणाची तंदुरुस्ती वर जाते? दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, हृदयाला तेवढ्याच वेगासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. त्यात आमच्या वयाच्या बायकांना आतूनही अधूनमधून मे महिना येत असतो. त्याची नोंद या घड्याळात कुठेच नाही. पुढे जानेवारीत तेच घड्याळ माझं कौतुक करू लागलं. मी मोठ्या तोऱ्यात कोचला पेस दाखवला. तो म्हणाला, "छान, बाई. पण यातले थोडे मार्क थंडीचे."

तरी सांगते, आता मी पाच किलोमीटर आठ-पाचच्या पेसने पळते. म्हणजे सेकंदाला दोन मीटरच्या वर. निसर्गाला आता मला चाला म्हणायची सोय राहिलेली नाही. त्या आनंदात मी वर्गात गणित घातलं: दोन धावपटू एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून निघाले. पहिला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याने 2020 मध्ये दिल्लीला अर्धमॅरेथॉन, म्हणजे 21.1 किलोमीटर, एक तास तीस सेकंदांत पुरी केली. दुसऱ्या धावपटूचा पेस आठ मिनिटं पाच सेकंद. तर साबळे पोचला तेव्हा दुसरा धावपटू कुठे होता? मुलांनी पटापट काढलं: साडेसात किलोमीटरला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तो दुसरा परत का फिरला नाही?"

पुढच्या वर्षी मला पन्नास पुरी होतात. दहा किलोमीटरच्या शर्यतीत वयोगट बदलतो आणि मी पन्नाशीवरच्या महिलांत जाते. वाढदिवसाची वाट पाहण्याची ही माझी चौथीनंतरची पहिलीच वेळ. एरवी वय वाढलं की काहीतरी कमी होतं, इथे स्पर्धा कमी होणार, असं माझं साधं त्रैराशिक. ते मी कोचला सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. फळ्यासमोर उभा केल्यावर खाजवायचा, अगदी तस्संच.

"बाई, उलटं आहे," तो म्हणाला. "फिफ्टी प्लसच्या बायका जास्त फास्ट असतात. त्यांच्या मुलांच्या दहावी-बारावी संपलेल्या असतात ना."