‘आमच्यात जात नाही’ म्हणणारे दोघे

तामिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुळम नावाचं गाव आहे. 1872 साली तिथे कॅथलिक चर्च बांधलं गेलं आणि लोकांनी त्याला विजारीचं चर्च असं नाव ठेवलं. इमारतच तशी होती. वेदीपासून दोन लांब दालनं दोन दिशांना फाकलेली. एकात वरच्या मानल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीचे बसायचे, दुसऱ्यात नाडार. वेदी दोघांनाही दिसायची, मिस्सा म्हणणारे फादरही दिसायचे. एकमेकांची तोंडं मात्र दिसायची नाहीत. देव एक, वेदी एक, मिस्सा एक आणि मधे भिंत. 1910 च्या सुमारास मिशनऱ्यांनी ती भिंत पाडली, तेव्हा वेल्लाळ ख्रिस्ती कोर्टात गेले. वेगळं बसणं हा आमचा पिढीजात हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण मद्रास हायकोर्टापर्यंत पोचलं आणि 1917 साली त्यांचा दावा फेटाळला गेला.

भिंत पाडल्याचं श्रेय मिशनऱ्यांना द्यायलाच हवं. पण ती बांधली जात असताना कुणालाच याकोबाचं पत्र कसं आठवलं नाही, हा प्रश्न मला सोडत नाही. नव्या करारातल्या या छोट्याशा पत्राचा दुसरा अध्याय बैठकीच्या जागेवरूनच सुरू होतो. सभेत एक जण सोन्याची अंगठी आणि झुळझुळीत कपडे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभं राहायला नाही तर पायाशी बसायला सांगितलं जातं. असं करणाऱ्यांना याकोब सरळ दोषी ठरवतो.

ख्रिस्ती समतेचा विषय निघाला की पौलाने गलतीकरांना लिहिलेलं वचन हटकून पुढे येतं. यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असा त्याचा आशय. ते मोठं आहेच, पण ते भाषणात वापरायला फार सोपं आहे. मला त्याच पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच्या अकराव्या अध्यायात एक पंगत आहे. प्रभुभोजनासाठी मंडळी जमते. खात्यापित्या घरचे लोक इतरांची वाट न बघता जेवून घेतात, काहींना तर चढलेलीही असते, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी बसतात. पौल या लोकांना असा काही फैलावर घेतो की वाचताना आजही अंगावर येतं. तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं तो त्यांना सुनावतो. येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांतच ही वेळ आली होती. समता मानता की नाही याची परीक्षा तेव्हाही पंगतीत आणि बसायच्या जागेत होत होती. आजही ती तिथेच होते.

भारतात या परीक्षेत चर्च अनेकदा नापास झालं, आणि पुष्कळदा ते जाणूनबुजून झालं. 1606 साली रॉबर्ट दी नोबिली हा जेझुइट मदुराईत आला. उच्च जातींना ख्रिस्ती करायचं तर आपण त्यांच्यासारखं राहिलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. भगवी वस्त्रं, शाकाहार, ब्राह्मण स्वयंपाकी. तिथे आधीपासून असलेल्या खालच्या जातींच्या ख्रिस्ती मंडळीपासून तो अंतर राखून राहिला. जानवं आणि शेंडी ठेवायला 1623 साली रोमनेही परवानगी दिली. पुढे जेझुइटांनी उच्च जातींसाठी वेगळे आणि खालच्या जातींसाठी वेगळे मिशनरी नेमले. दी नोबिली विद्वान होता, तमिळ आणि संस्कृत शिकला होता, त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण जातीला बाप्तिस्मा देण्याचं काम त्याने केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे तिरुचिरापल्लीतल्या कॅथलिक दफनभूमीत जाऊन बघावं. दलितांच्या थडग्यांना इतरांपासून वेगळं काढणाऱ्या तिथल्या भिंतीवरून आंदोलनं करावी लागली आहेत.

गोव्याची गोष्ट आपल्या अधिक जवळची. दिवाडी बेटावरच्या मातेउश दे कास्त्रोला पोर्तुगीज आर्चबिशप पाद्री करून घेईनात, कारण तो ‘नेटिव’. तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि 1637 साली बिशप झाला. दीडशे वर्षांनी, 1787 मध्ये, पिंटोंचं बंड म्हणून ओळखला जाणारा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट उघडकीला आला. त्यातही बढती नाकारली गेलेले गोवेकर पाद्री होते. गोऱ्यांच्या या भेदभावाबद्दल गोवेकर लिहितात, बोलतात, ते रास्तच आहे. पण त्याच काळात गोव्यातल्या ओरेटोरियन या पाद्र्यांच्या मंडळीत फक्त बामण कॅथलिकांना प्रवेश मिळत होता. चार्डो, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या, पाद्र्यांना चिंबलच्या कार्मेलाइट मंडळीची वाट धरावी लागली. सुदिर, म्हणजे शूद्र, आणि महार तर या हिशेबात कुठेच नव्हते. गोऱ्याने बामणाला नाकारलं तर तो अन्याय आणि बामणाने सुदिराला नाकारलं तर ती रीत, असं कसं चालेल? गावोगावच्या कॉन्फ्रारी, म्हणजे चर्चच्या सणांचा मान सांभाळणाऱ्या मंडळ्या, काही ठिकाणी जातवार होत्या. मिरवणुकीत खांद्यावरच्या लाल किंवा निळ्या कापडावरून माणूस कोणत्या पायरीवरचा ते कळायचं. गळ्यात क्रूस दोघांच्याही.

महाराष्ट्रातलं चित्र निराळं आहे, आणि त्यात मान ताठ व्हावी अशा जागा आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे की त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला. मधल्या काळात त्या आपलं सोवळं-ओवळं सांभाळून होत्या. पाण्याचं भांडं वेगळं, चूल वेगळी. मग माणसं देवाने केली की जाती देवाने केल्या, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच निकाल लावला. जात आधी सोडली, बाप्तिस्मा नंतर घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हेही ब्राह्मण घरातले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं ते प्रामुख्याने मांग आणि महार ख्रिस्ती कुटुंबांसाठी, आणि आपलं आयुष्य तिथल्या कामाला दिलं. या दोघांनी याकोबाचं पत्र जगून दाखवलं.

पण मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास आपण कसा सांगतो, तेही बघा. टिळक, पंडिता रमाबाई, शेषाद्री, बाबा पदमनजी ही नावं तोंडपाठ असतात. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ज्या महार-मांग कुटुंबांनी मंडळ्या उभ्या केल्या, त्यांतली किती नावं आपल्याला येतात? चर्चच्या बाकांवर बहुसंख्येने तेच बसत आले आहेत. लग्नं जुळवताना तर सगळाच उजेड पडतो. गोव्यातल्या वर्तमानपत्रांत ‘कॅथलिक ब्राह्मण’ असं लिहून वधू-वर मागणाऱ्या जाहिराती छापून आल्या आहेत. त्या देणाऱ्यांना कुणी चर्चमधून काढलं नाही.

डॉ. आंबेडकरांना हे स्पष्ट दिसत होतं. 1938 च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवलं. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी पुढे स्वतंत्र लेखनही केलं, ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. धर्म बदलताना त्यांनी ख्रिस्ती धर्म का निवडला नाही, असं विचारणाऱ्या ख्रिस्ती मित्रांनी आधी ते वाचावं.

आता सरकारकडे वळू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. या परिच्छेदाचा फटका कसा बसतो, ते सुप्रीम कोर्टाच्या 1985 सालच्या सुसाई खटल्यात दिसतं. सुसाई मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवायचे. आदिद्रविड जातीत जन्मलेले, ख्रिस्ती झालेले. रस्त्यावर बसणाऱ्या चांभारांना सरकारने बसायला टपऱ्या दिल्या. शेजारच्या हिंदू आदिद्रविडाला टपरी मिळाली, सुसाईंना नाही. तेच चामडं, तीच आरी, तोच फूटपाथ. ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढ्याच तीव्रतेने उरतो हे पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, असं म्हणून कोर्टाने त्यांची याचिका फेटाळली.

माझा राग इथे आहे. ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून तुम्हाला सवलत नाही, असं सरकार म्हणतं. ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून आमच्या दफनभूमीबद्दल आणि सोयरिकींबद्दल विचारू नका, असं गावातला चर्चचा पुढारी म्हणतो. पौलाचं आणि याकोबाचं म्हणणं दोघेही आपापल्या सोयीने वापरतात. एकाला खर्च वाचवायचा असतो, दुसऱ्याला अब्रू. आणि सुसाई फूटपाथवरच राहतात. श्रद्धेने जात नाकारली आहे, समाजाने ती पाळली आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातलं एकच वाक्य बोलणारा माणूस दलित ख्रिस्त्याचा वैरी आहे, मग तो मंत्री असो की बिशप.

चर्चने अलीकडे कबुली दिली आहे, ती नोंदवतो. 2016 च्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्येही जातिभेद आहे हे लिखित मान्य केलं. 2022 साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. भारतातले ते पहिले दलित कार्डिनल. पहिले भारतीय कार्डिनल, मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस, 1953 साली झाले होते. म्हणजे मधे 69 वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात भारतीय कॅथलिकांमध्ये दलितांची संख्या मोठी होती.

तिसरा परिच्छेद काढून टाकावा, अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्येच केली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारने याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आपल्या वाट्यात वाटेकरी येतील, अशी भीती आजच्या अनुसूचित जातींना वाटते. ती खोटी नाही. उपाय आहे: लोकसंख्या वाढेल तसा वाटा वाढवा. एकाला देण्यासाठी दुसऱ्याचं ताट ओढायची गरज नाही.

ख्रिस्ती वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या खासदाराला तिसऱ्या परिच्छेदाबद्दल विचारा. आणि आपल्या धर्मप्रांताच्या पुढच्या बैठकीत उभं राहून हेही विचारा की आपल्याकडे किती पाद्री दलित घरातून आले, किती शाळांचे प्राचार्य दलित आहेत, आणि आपल्या दफनभूमीत कुणाची जागा कुठे आहे. उत्तर लेखी मागा.